गुरूंचे नाव, यंत्राचा पुरावा

गारगोटीच्या तालमीतल्या पोराला विचारा, "व्यायामानं काय होतं?" तो म्हणेल, "अंगात ताकद येते!" खरंच, पण किती, आणि कशावरून? स्वामी कुवलयानंदांनी हाच प्रश्न योगाला विचारला. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब उतरतो, हे त्यांनी दाबमापक लावून पाहिले. त्या निर्वाताला गुरू माधवदासांचे नाव दिले. पुरावा मात्र यंत्राचा! १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून त्यांनी 'योगमीमांसा' काढले आणि असे प्रयोग छापले. वाचकहो, व्यायामावरील निबंध शास्त्रीय नियतकालिकाकडे धाडताना आपणही सांगा : किती जणांवर, किती दिवस, कशाने मोजले? प्रतिकूल आकडेही लपवू नका. दुसऱ्याला पडताळता येते, तेच शास्त्र. निबंध परत आला, तर शेरे वाचून सुधारा.