तारणाचा रिकामा रकाना

कर्जाचे अर्ज तपासणाऱ्या सॉफ्टवेअरवर मी काम करतो. तारणाचा रकाना रिकामा असला की अर्ज पुढे सरकतच नाही. कॅनडाच्या 'इंडियन ॲक्ट'बद्दल वाचताना तो रकाना सारखा आठवत राहिला.

१८७६च्या या कायद्याने मूलनिवासींच्या राखीव जमिनींची मालकी राजसत्तेकडे ठेवली. वापर तेवढा त्यांचा. गोऱ्या सावकाराने जमीन गिळू नये म्हणून ती गहाण घ्यायला बंदी. हेतू संरक्षणाचा, मान्य. पण जिच्यावर जप्ती आणता येत नाही, त्या जमिनीवर बँक कर्ज तरी कशाला देईल?

शिवाय १८८१ची दुरुस्ती पाहा. प्रेअरी प्रदेशातल्या मूलनिवासी शेतकऱ्यांची धान्यविक्री रोखण्याचा अधिकार तिने सरकारला दिला. पुढे स्वतःचं पीक विकायलाही सरकारी एजंटाचा परवाना लागू लागला. शेजारच्या गोऱ्या शेतकऱ्याला अशी अट नव्हती. हे कलम रद्द झालं थेट २०१४ साली!

१९९९च्या जमीन व्यवस्थापन कायद्यापासून सुरू झालेल्या व्यवस्थेत मतदानाने स्वतःची जमीनसंहिता मंजूर करणारे समूह आता भाडेपट्टे स्वतः देतात. ओटावाच्या सहीसाठी थांबत नाहीत. जमीन विकायला मात्र आजही बंदीच आहे.

महाराष्ट्रातही आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे जायला सरकारी मंजुरी लागते. ती अट काढून टाका असं कुणी म्हटलं की मला भीती वाटते. पण परवानगी देणारा हात नेहमी गावाबाहेरचाच का, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.