मैलमापकाची साक्ष

जुन्या मोटारींच्या बाजारांत आलेलें गिऱ्हाईक प्रथम रंग पाहतें, दारें उघडून मिटून पाहतें, बैठकीवर बसून पाहतें, आणि सरतेशेवटीं सुकाणूमागच्या लहानशा खिडकींत डोकावतें. तेथें पांच किंवा सहा आंकडे असतात. गाडी आजवर किती धांवली हें ते सांगतात, आणि बाकी सर्व बाबतींत घासाघीस करणारें गिऱ्हाईक या आंकड्यांपुढें मात्र मुकाट्यानें मान तुकवितें. रंग नवा देतां येतो, बैठकीचें कापड बदलतां येतें, हें त्याला ठाऊक असतें. पण यंत्रानें मोजलेला आंकडाहि कोणी बदलला असेल, असें त्याच्या मनांत सहसा येत नाहीं. माणसाच्या शब्दापेक्षां यंत्राच्या शब्दावर अधिक विसंबण्याची ही संवय पुष्कळांना महागांत पडलेली आहे.

चाकाकडून अंतर मोजवून घेण्याची कल्पना मोटारीच्या फार पूर्वींची. रोमन स्थापत्यविशारद व्हिट्रुव्हियस यानें इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकांत आपल्या ग्रंथाच्या दहाव्या भागांत अशा गाडीचें वर्णन केलें आहे. सुमारें चार फूट व्यासाचें चाक एका फेऱ्यांत साडेबारा फूट वाट चालतें. चारशें फेरे झाले कीं पांच हजार फूट, म्हणजे एक रोमन मैल, पुरा होतो. चाकाबरोबर फिरणारा एक दांता चारशें दांत्यांच्या दुसऱ्या चक्राला दर फेऱ्यास एक घर पुढें ढकलतो. हें चक्र पुरें फिरलें कीं वरच्या कप्प्यांतला एक खडा निसटून खालच्या कांशाच्या भांड्यांत पडतो. आवाज झाला कीं प्रवाशानें समजावें, एक मैल सरला. आणि मुक्कामाला पोंचल्यावर खडे मोजावे कीं दिवसाची वाटचाल कळली. चीनमध्यें याच कामाच्या गाडीवर लांकडी बाहुला बसविलेला असे व तो दर ली अंतरास नगारा वाजवी.

भांड्यांतले दोन खडे उचलून रस्त्याच्या कडेला टाकणें हें कोणाहि पोराला जमलें असतें. पण त्यांत लाभ कोणाचा? मोजणारा स्वतःच्याच माहितीकरितां मोजीत होता.

हा भाव किती शुद्ध असूं शकतो, याचें एक सुंदर उदाहरण अमेरिकेच्या इतिहासांत नोंदलेलें आहे. १८४७ सालीं मॉर्मन पंथाच्या लोकांचा पहिला तांडा गाड्या घेऊन पश्चिमेच्या अनोळखी मुलखांत निघाला. आज किती मैल चाललों, याविषयीं तांड्यांत एकवाक्यता होत नसे. जो तो आपल्या थकव्याच्या मानानें मैल सांगे. विल्यम क्लेटन नांवाच्या गृहस्थाला ही अंदाजपंचे मोजणी मानवेना. त्यानें एका गाडीच्या चाकाचा परीघ मोजला. तो १४ फूट ८ इंच भरला. अशा ३६० फेऱ्यांचे बरोबर ५,२८० फूट, म्हणजे एक इंग्रजी मैल होतो. मग चाकाच्या एका आरीला तांबडें फडकें बांधून क्लेटन दिवसभर त्या चाकाशेजारून चालत राहिला आणि फडकें वर आलें कीं एक, असे फेरे मोजीत गेला. मे महिन्यांत केलेला हा उद्योग किती कंटाळवाणा असेल याची कल्पनाच करावी. थोड्याच दिवसांत ऑर्सन प्रॅट या गणितज्ञ सहप्रवाशाच्या योजनेप्रमाणें ॲपलटन हार्मन यानें लांकडी दांत्यांचें यंत्र घडविलें आणि क्लेटनची सुटका झाली. पुढील वर्षीं, १८४८ सालीं, क्लेटननें वाटेवरील अंतरांची मार्गदर्शिका छापली. मागून येणारीं कुटुंबें पाण्याची जागा किती मैलांवर आहे, नदीचा उतार कोठें आहे, हें तिच्यावरून पाहून गाड्या हांकीत. त्यांनीं क्लेटनच्या आंकड्यांवर जीव टाकला होता, आणि ते आंकडे त्या विश्वासास पात्र होते.

क्लेटनला आपली गाडी कोणास विकावयाची नव्हती. मोटारीच्या मालकाला मात्र एक ना एक दिवस ती विकावयाची असते. १८९५ सालीं हार्टफर्डच्या कर्टिस व्हीडरनें सायकलीच्या चाकाला बसणारा लहानसा गणक बाजारांत आणला. १९०३ सालीं विस्कॉन्सिनमधील बेलॉइट गांवच्या वॉर्नर बंधूंचें मोटारीसाठीं केलेलें यंत्र आलें. पुढें हा मैलमापक, ज्याला इंग्रजींत ओडोमीटर म्हणतात, हरएक मोटारीचा भाग झाला. गाडीचें वय तिच्या कागदांवरून कळे, पण तिची झीज या आंकड्यावरून कळूं लागली; म्हणून आंकड्याला किंमत आली, आणि किंमत आली तेथें मापांत पाप शिरलें.

यंत्राची घडण अगदीं साधी होती. गिअरपेटींतून एक लवचिक तार निघून सुकाणूमागच्या तबकडीपर्यंत जाई. तार फिरली कीं आंकडे कोरलेलीं लहान चाकें फिरत. उजवीकडील चाक नवावरून शून्यावर येतांना शेजारच्या चाकाला एक घर पुढें सारी. तार सोडून ठेवली तर गाडी हजार मैल धांवली तरी आंकडा जागचा हलत नसे. तबकडी उघडून टोंकदार हत्यारानें चाकें हवीं तशीं फिरवितां येत. कित्येक यंत्रांत तारेचें टोंक विजेच्या ड्रिलला जोडून तो उलटा फिरविला कीं सरलेले मैल परत येत. इंग्रज लेखक रोआल्ड डाल याच्या 'माटिल्डा' या १९८८ सालच्या बालकादंबरींत नायिकेचा बाप हाच धंदा करतो आणि ड्रिलची ही करामत आपल्या मुलाला मोठ्या ऐटींत समजावून देतो. लहान मुलांच्या पुस्तकांत खुशाल सांगावी, इतकी ती युक्ति सर्वश्रुत झाली होती. शिवाय पुष्कळ जुन्या अमेरिकन गाड्यांत पांचच घरें असत, म्हणजे ९९,९९९ नंतर पुन्हां शून्य. एक लाख बारा हजार मैल धांवलेली गाडी कोणी बोटहि न लावतां बारा हजारांची दिसे. धर्मराजानें अश्वत्थाम्याविषयीं सांगितलें तितपतच खरें तें यंत्र सांगे.

व्यापाऱ्यांच्या दृष्टीनें सर्वांत उत्तम माल म्हणजे कंपन्यांच्या फिरत्या नोकरांच्या गाड्या. या गाड्या दोन-तीन वर्षांत साठ-सत्तर हजार मैल तोडतात, पण सरळ हमरस्त्यावर धांवल्यामुळें त्यांचें रूप टवटवीत राहतें. अशी गाडी लिलावांत स्वस्तांत उचलावयाची, निम्मे मैल पुसावयाचे, आणि जपून वापरलेली म्हणून विकावयाची. घेणाराचें नुकसान केवळ जादा मोजलेल्या पैशाचें नसे. इंजिनांतील दांतेरी पट्टा केव्हां बदलावयाचा, कोणता भाग केव्हां तपासावयाचा, हें सारें मैलांच्या हिशेबानें ठरतें. आंकडा तीस हजारांनीं मागें नेला तरी पट्टा आपल्या खऱ्या वयालाच तुटतो. गाडी बंद पडते, आणि ती हप्त्यांवर घेतलेल्या कुटुंबाचे हप्ते चालूच राहतात.

या व्यवहारांत प्रामाणिक विकणाराहि नाडला जातो. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालीं जुन्या मोटारींच्याच बाजाराचें उदाहरण घेऊन हें दाखवून दिलें. बरी गाडी कोणती आणि भिकार कोणती हें घेणाराला कळत नाहीं, म्हणून तो दोहोंना मधली किंमत देऊं करतो. ती किंमत चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाहीं, तो बाजारांतून निघून जातो, आणि मागें उरतो तो बहुतेक गाळ. या विचाराबद्दल अकरलॉफ यांना २००१ सालीं दोन सहकाऱ्यांबरोबर नोबेल पारितोषिक मिळालें.

अमेरिकन काँग्रेसनें १९७२ सालीं कायदा करून मैलमापक मागें फिरविणें, फसवणुकीच्या हेतूनें तो सोडवून गाडी चालविणें, आणि असल्या कामाचीं साधनें विकणें, हें सर्व बेकायदेशीर ठरविलें. फसलेल्या गिऱ्हाइकास नुकसानीच्या तिप्पट किंवा दीड हजार डॉलर, यांपैकीं जी रक्कम मोठी ती मागतां येऊं लागली. विकणारानें आंकडा कागदावर लिहून द्यावा, अशीहि अट होती. पण तो कागद गाडीच्या मालकीपत्राहून वेगळा असे. एक फाडून दुसरा लिहिणें अवघड नव्हतें. ही फट बुजवावयास १९८६ साल उजाडलें. त्या वर्षींच्या कायद्यानें मैलांचा आंकडा मालकीपत्रावरच लिहावा असें ठरविलें.

लगेच पुढच्या वर्षीं जें उघडकीस आलें त्यानें अमेरिकन लोक थक्क झाले. जून १९८७ मध्यें क्रायस्लर या मोठ्या मोटार कंपनीवर संघ सरकारनें खटला भरला. कारखान्यांतून निघालेल्या कोऱ्या गाड्या तिचे अधिकारी मैलमापक सोडवून वापरीत, आणि नंतर त्या नव्या म्हणूनच विक्रीस जात. साठ हजारांहून अधिक गाड्यांविषयीं हा आरोप होता. कांहींना तर त्या वापरांत अपघात होऊन त्या दुरुस्त करून विकल्या गेल्या होत्या. कंपनीचें म्हणणें असें कीं, ही गाड्यांची परीक्षा होती. परीक्षाच घ्यावयाची, तर परीक्षेचे मैल लपविण्याचें कारण काय, याचें समाधानकारक उत्तर कोणाला देतां आलें नाहीं. १ जुलै रोजीं अध्यक्ष ली आयकोका यांनीं पत्रकारांना बोलावून हा सारा प्रकार मूर्खपणाचा होता असें उघड कबूल केलें, आणि अपघातांत सांपडलेल्या गाड्या बदलून देण्याचें वचन दिलें. डिसेंबरांत कंपनीनें न्यायालयांत आरोपाचा प्रतिवाद न करण्याचें ठरविलें. १९९० सालीं तिला ७६ लाख डॉलर दंड झाला. कोपऱ्यावरचा दलाल लबाड निघाला तर लोक हंसून सोडून देतात. येथें मात्र ज्यांनीं यंत्र बसविलें त्यांनींच तें सोडविलें होतें.

पुढें आंकड्यांचीं चाकें जाऊन त्यांच्या जागीं विजेवर उजळणारे आंकडे आले, तेव्हां आतां लबाडी संपली अशी पुष्कळांची समजूत झाली. घडलें उलटेंच. पूर्वीं तबकडी उघडावी लागे, चाकांवर ओरखडे राहत, आंकडे वांकडेतिकडे बसत, आणि जाणत्याला तें ओळखतां येई. आतां आंकडा एका इवल्याशा स्मृतिघटकांत असतो. सुकाणूखालच्या जोडणींत एक यंत्र खुपसून तो कांहीं मिनिटांत बदलतां येतो आणि मागें ओरखडाहि उरत नाहीं. तबकडी बिघडल्यास नवीं बसवून तींत खरा आंकडा घालावा लागतो, या निमित्तानें असलीं यंत्रें दुरुस्तीचें साधन म्हणून विकलींहि जातात. अमेरिकेच्या वाहतूक-सुरक्षा खात्यानें २००२ सालीं केलेल्या अंदाजाप्रमाणें त्या देशांत दरवर्षीं साडेचार लाखांहून अधिक गाड्या खोट्या आंकड्यानिशीं विकल्या जात होत्या. शिवाय दहा वर्षांहून जुन्या गाडीचा आंकडा लिहून देण्याची सक्तीच नव्हती. गाड्या त्याहून पुष्कळ अधिक टिकूं लागल्यावर, २०२१ सालापासून, २०११ व नंतरच्या गाड्यांसाठीं ही मुदत वीस वर्षांची करण्यांत आली.

बेल्जममध्यें वेगळा मार्ग शोधला गेला. तेथें यंत्राला अधिक मजबूत कुलूप घालण्याची खटपट न करतां आंकडा यंत्राबाहेर लिहून ठेवण्याचें ठरलें. २००४ सालीं कायदा झाला आणि डिसेंबर २००६ पासून 'कार-पास' नांवाची व्यवस्था सुरू झाली. गाडी तेल बदलावयास जावो, टायर घालावयास जावो, कीं तपासणीस, प्रत्येक ठिकाणीं तारीख आणि आंकडा टिपून मध्यवर्ती नोंदींत पाठविणें बंधनकारक झालें. जुनी गाडी विकणारानें या नोंदींचा दाखला गिऱ्हाइकाच्या हातीं ठेवलाच पाहिजे. न ठेवल्यास गिऱ्हाईक व्यवहार रद्द करण्याची मागणी करूं शकतें. पांचामुखीं परमेश्वर म्हणतात, तशांतला हा प्रकार. गाडीची तबकडी कोणीहि फिरवावी, पण गेल्या सात वर्षांत पांच निरनिराळ्या कारखानदारांनीं लिहिलेले आंकडे कोण फिरविणार? बेल्जममधल्या बेल्जममध्यें विकल्या जाणाऱ्या गाड्यांपुरती ही लबाडी जवळजवळ नामशेष झाली. शेजारच्या हॉलंडमध्येंहि अशीच नोंदवही होती. २०१४ पासून ती सरकारी वाहन-नोंदणी खात्याकडे आली.

बाकीच्या युरोपांत चित्र इतकें समाधानकारक नाहीं. युरोपियन पार्लमेंटनें ३१ मे २०१८ रोजीं या विषयावर ठराव केला, तेव्हां पुढें आलेले अंदाज असे होते: देशांतल्या देशांत विकल्या जाणाऱ्या जुन्या गाड्यांपैकीं शेंकडा ५ ते १२ गाड्यांचे आंकडे बदललेले, आणि सरहद्द ओलांडून जाणाऱ्यांपैकीं शेंकडा ३० ते ५०. ठरावानें सर्व सभासद देशांस तपासणीच्या, देखभालीच्या व दुरुस्तीच्या प्रत्येक वेळीं आंकडा नोंदविण्याचें आवाहन केलें. तोंपर्यंत सरहद्दीपलीकडून आलेल्या गाडीच्या नव्या नोंदवहींतील पहिली ओळ, विकणारा जो आंकडा घेऊन येईल तीच असे.