पाण्यावर एका रेणूचे झाकण

राजगडाच्या पायथ्याशी असलेल्या पालीहून पाली दरवाजाने वर गेले, की माचीवर पद्मावती तळे लागते. पावसाळ्यात साठलेले पाणी उन्हाळ्यात पुरवायचे, हा अशा प्रत्येक तळ्यापुढचा जुना प्रश्न. पाणी कोणी उपसले नाही, कुठे झिरपले नाही, तरी ते घटतेच. असे का होते?

पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात. पृष्ठभागावरच्या रेणूला धरणारे शेजारी कमी. पुरेशी ऊर्जा मिळाली की तो बंध तोडून हवेत निसटतो. ही वाट अडवता येईल का?

याचे उत्तर वेगळ्याच कुतूहलातून मिळत गेले. लंडनजवळच्या क्लॅपहॅमच्या तळ्यात बेंजामिन फ्रँकलिनने चमचाभर तेल ओतले. ते सुमारे अर्धा एकर पसरले व लाटा शमल्या. हे निरीक्षण १७७४ साली प्रसिद्ध झाले. चमचा ५ घनसेंटिमीटरचा धरून विद्यार्थ्यांकडून भागाकार करून घ्या. अर्धा एकर म्हणजे सुमारे २००० चौरस मीटर. थराची जाडी येते मीटरचा अब्जांश भाग गुणिले अडीच. म्हणजे जवळजवळ एका रेणूएवढी!

१९१७ साली अमेरिकेतील अर्व्हिंग लँगम्यूरने दाखवले, की अशा थरात रेणू उभे राहतात : पाण्याशी सख्य असलेले टोक खाली, कार्बनची लांब साखळी वर. १६ कार्बनच्या सीटिल अल्कोहोलचे रेणू असेच दाटीने उभे राहतात. शेजारच्या साखळ्यांमध्ये व्हॅन डर वाल्स आकर्षण असते. एकेक बंध क्षीण, पण साखळीभर मिळून भक्कम. या दाटीतून पाण्याच्या रेणूला वाट काढणे अवघड जाते. असा थर बाष्पीभवन मंदावतो, हे एरिक रिडीलने १९२५ साली मोजून दाखवले.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील देव, संजना, कुलकर्णी, घारपुरे व बिस्वास यांनी हाच धागा पुढे नेला. साखळी आणि खालचे टोक यांच्यामध्ये ऑक्सिजनचा एक व कार्बनचे दोन अणू असलेली अल्कॉक्सी इथेनॉले त्यांनी तपासली. त्या ऑक्सिजनमुळे पाण्याला धरायला आणखी एक जागा मिळते. हे काम १९६० साली ‘नेचर’मध्ये आले.

मात्र उघड्या तळ्यावर वारा असतो. तो थराला एका काठाशी लोटतो, फाडतो. म्हणून पदार्थ पुन्हापुन्हा टाकावा लागतो. रेणूंनी पाण्यालाही धरावे, शेजाऱ्यालाही धरावे आणि फाटल्यावर चटकन पुन्हा पसरावे, या तिन्ही गोष्टी एकदम साधणे हीच इथली खरी कसोटी आहे.