पाटी आपली, गाळा भाड्याचा

मार्च २०२४ मध्ये गूगलने एक सेवा बंद केली. फारसा बोभाटा झाला नाही. दुकानाची गूगलवर नोंद केली, की त्याच माहितीतून एका पानाची वेबसाइट आपोआप बनवून देणारी ती सेवा होती. तीही फुकट. २०१७ मध्ये ती आली, तेव्हा भारतातले छोटे दुकानदारही गूगलच्या डोळ्यांसमोर होते. पत्त्याच्या शेवटी ‘बिझनेस डॉट साइट’ असायचं. सेवा बंद झाल्यावर १० जूनपर्यंत गूगलने त्या पत्त्यावर येणाऱ्यांना दुकानाच्या नोंदीकडे वळवलं. मग तेही थांबलं. ज्यांनी तो पत्ता व्हिजिटिंग कार्डावर, कॅरीबॅगवर किंवा टेम्पोच्या मागे रंगवून घेतला होता, त्यांच्याकडे फक्त रंग उरला.

इंटरनेटवर ही गोष्ट आधीही एकदा घडून गेली होती, आणि कितीतरी मोठ्या प्रमाणावर.

१९९४ साली अमेरिकेत डेव्हिड बोनेट आणि जॉन रेझनर यांनी एक कंपनी काढली. पुढे तिचं नाव ‘जिओसिटीज’ पडलं. कल्पना साधी होती: ज्याला वेबसाइट हवी त्याला फुकट जागा द्यायची. या जागेची मांडणी शहरासारखी होती. सिनेमावाल्यांसाठी ‘हॉलिवूड’, कॉम्प्युटरवाल्यांसाठी ‘सिलिकॉन व्हॅली’, आणि घरून छोटा धंदा करणाऱ्यांसाठी ‘युरेका’ नावाची वस्ती. आधी कंपनीचं नाव, मग वस्तीचं, मग घर नंबर, असा तुमचा पत्ता व्हायचा. लोक हौसेने राहायला आले. चमकणारी अक्षरं, हलणारी चित्रं, ‘काम चालू आहे’च्या पाट्या, सगळं तिथे होतं. त्या पत्त्यात फक्त एक गोष्ट नव्हती: तुमचं स्वतःचं नाव.

स्वतःचं नाव घेणं तेव्हा महाग होतं. ‘डॉट कॉम’ची नोंदणी ‘नेटवर्क सोल्युशन्स’ या एकाच कंपनीच्या हातात होती, आणि सप्टेंबर १९९५ पासून पहिल्या दोन वर्षांचे १०० डॉलर पडायचे. आपल्याकडे तर विदेश संचार निगमने सामान्य माणसाला इंटरनेट दिलं तेच १५ ऑगस्ट १९९५ रोजी. ‘डॉट इन’ची नोंदणी इतकी नियमांत अडकलेली होती, की १९९२ ते २००४ या काळात जेमतेम ७,००० नावं नोंदली गेली. २००५ मध्ये ती सगळ्यांसाठी खुली झाली.

नाव मिळालं तरी जागेचा प्रश्न होताच. वेबसाइट म्हणजे शेवटी फायली. त्या दिवसरात्र चालू राहणाऱ्या कॉम्प्युटरवर, म्हणजे सर्व्हरवर ठेवाव्या लागतात. ती जागा भाड्याने घेणं म्हणजे होस्टिंग. सुरुवातीला ते महाग असण्याचं एक कारण गमतीशीर आहे. ब्राउझर सर्व्हरला फक्त ‘अमुक पान दे’ एवढंच म्हणायचा, कोणत्या वेबसाइटचं ते सांगायचा नाही. म्हणजे पत्रावर चाळीचा पत्ता आहे, पण बिऱ्हाडाचं नाव नाही. पोस्टमनने ते द्यायचं कोणाला? मग प्रत्येक वेबसाइटला इंटरनेटवरचा स्वतंत्र क्रमांक लागायचा.

जानेवारी १९९७ मध्ये वेबच्या नियमावलीची नवी आवृत्ती आली. त्यात एक ओळ सक्तीची झाली: ब्राउझरने मागणी करताना वेबसाइटचं नावही सांगायचं. पत्रावर बिऱ्हाडाचं नाव आलं. एका सर्व्हरवर, एकाच क्रमांकावर, शेकडो वेबसाइट राहू लागल्या. आज महिन्याला शंभर-दोनशे रुपयांत मिळणारं ‘शेअर्ड होस्टिंग’ म्हणजे तीच चाळ. खोली स्वस्त, पण नळ सगळ्यांना मिळून एकच. शेजाऱ्याकडे लग्न निघालं, की तुमच्याकडे पाणी बारीक येणार.

१९९९ मध्ये ‘डॉट कॉम’च्या नोंदणीत इतर कंपन्यांनाही प्रवेश मिळाला आणि नावंही स्वस्त झाली. या सगळ्यातून छोट्या धंद्याला एक मोठी सोय मिळाली, ती म्हणजे नाव एकीकडे आणि जागा दुसरीकडे ठेवता येऊ लागली. होस्टिंग कंपनीशी पटलं नाही तर फायली उचलायच्या, दुसरीकडे ठेवायच्या, आणि नावाच्या नोंदीत नवा ठिकाणा लिहायचा. गिऱ्हाइकाला कळतसुद्धा नाही. गाळा बदलला तरी पाटी तीच राहते.

जिओसिटीजच्या रहिवाशांकडे ही सोय नव्हती. जानेवारी १९९९ मध्ये याहूने सुमारे साडेतीन अब्ज डॉलरला हे अख्खं शहर विकत घ्यायचं जाहीर केलं. जूनमध्ये नव्या अटी आल्या. तुमच्या पानांवरचा मजकूर आणि चित्रं वाटेल तशी वापरायचा हक्क याहूला, असा त्यांचा अर्थ निघत होता. रहिवासी भडकले. काहींनी निषेध म्हणून आपली पानं रंग काढून करडी केली. याहूला माघार घ्यावी लागली, पण घर कोणाचं आणि भाडेकरू कोण, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

२००९ मध्ये याहूने जिओसिटीज बंद करायचं ठरवलं. ज्यांना राहायचं होतं, त्यांना याहूच्याच पैसे भरून घेण्याच्या होस्टिंगचा रस्ता दाखवला. २६ ऑक्टोबर २००९ रोजी दिवे गेले. जेसन स्कॉट आणि त्याच्या ‘आर्काइव्ह टीम’ने शेवटच्या महिन्यांत जमेल तेवढी पानं उतरवून ठेवली, म्हणून त्या शहराचे अवशेष तरी आज बघता येतात. ज्या छोट्या धंद्यांचा पत्ता ‘युरेका’तला होता, त्यांना मात्र अवशेषांचा काय उपयोग? गिऱ्हाईक जुन्याच पत्त्यावर येत राहिलं असणार.

म्हणजे स्वतःचं नाव घेतलं आणि पैसे भरून जागा घेतली, की झालं? पूर्ण नाही. १० मार्च २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहरात ‘ओव्हीएच’ या मोठ्या होस्टिंग कंपनीच्या आवारात आग लागली. चारपैकी एक इमारत संपूर्ण जळाली, दुसरीचाही काही भाग गेला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. पण लाखो वेबसाइट बंद पडल्या. कंपनीच्या प्रमुखांनी ग्राहकांना आपापली आपत्कालीन योजना सुरू करायचा सल्ला दिला. छोट्या दुकानाकडे कुठली आलीय अशी योजना?

एका ग्राहकाने तर बॅकअपसाठी वेगळे पैसे भरले होते. बॅकअप मूळ जागेपासून वेगळा ठेवू, असं करारात होतं. प्रत्यक्षात तो त्याच इमारतीत होता. तिजोरी आणि तिची दुसरी किल्ली, दोन्ही एकाच आगीत गेली. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०२३ मध्ये लील शहराच्या व्यापारी न्यायालयाने ओव्हीएचला भरपाई द्यायला सांगितलं. भरपाई मिळते, पण वेबसाइट परत येत नाही.

आता तुमच्या घरच्या धंद्याकडे या. आईची खानावळ असेल, मामाचं होमस्टे असेल, तुमचं स्वतःचं टी-शर्टचं दुकान असेल. होस्टिंग निवडताना आपण आधी दर बघतो. बघावाच. पण पहिल्या वर्षाचा दर हा उद्घाटनाचा दर असतो. दुसऱ्या वर्षी काय पडेल ते आधी वाचा. आणि दराच्याही आधी तीन गोष्टी बघा.

पहिली, डोमेन नाव कोणाच्या खात्यावर आहे? आपल्याकडे वेबसाइट करून देणारा ओळखीचा मुलगाच पुष्कळदा ते स्वतःच्या ईमेलवर घेतो. त्यात वाईट हेतू असतोच असं नाही. पण तो उद्या बंगळुरूला नोकरीला लागला, फोन उचलेनासा झाला, की धंद्याची पाटी त्याच्या ट्रंकेत. नाव मालकाच्या ईमेलवर, मालकाच्या मोबाइल नंबरवरच घ्या. तेही दरवर्षी नूतनीकरण मागतं, तारीख विसरू नका. दुसरी, बॅकअप. होस्टिंग कंपनीचा असू द्या, पण एक प्रत दर महिन्याला स्वतःच्या पेन ड्राइव्हवर उतरवा. तिसरी, निघून जाता येईल का? सगळ्या फायली बाहेर काढता येतात का, नाव दुसरीकडे न्यायचा ट्रान्सफर कोड मागितल्यावर मिळतो का, हे पैसे भरायच्या आधी विचारा. उत्तर द्यायला जो आढेवेढे घेतो, त्याच्याकडे जाऊ नका.

आणि इन्स्टाग्राम? जरूर ठेवा, गिऱ्हाईक तिथेच आहे. पण तिथला पत्ता बघा कसा असतो: आधी कंपनीचं नाव, मग तुमचं. जिओसिटीजमध्ये असाच होता. म्हणून कॅरीबॅग छापायला टाकाल, तेव्हा तिच्यावर स्वतःचं डोमेन नाव छापा. आज ते नाव इन्स्टाग्रामच्या पानाकडे वळवून ठेवलं तरी चालेल. उद्या तिथून उठावं लागलं, तर कॅरीबॅग नव्याने छापावी लागणार नाही.