किनाऱ्यावरचे ३५ अंश रायपूरच्या ४३ अंशांहून जड का जातात

रायपूर, ९ मे : शाळांना सुट्या लागल्या की रायपूर स्थानकावर पुरी आणि विशाखापट्टणमकडे जाणाऱ्या गाड्यांना कुटुंबांची गर्दी होते. छत्तीसगडला समुद्र नाही. बंगालच्या उपसागराचे हे दोन किनारे रायपूरकरांना सर्वांत सोयीचे. येथील मराठी कुटुंबांना पुरीची वाट तर जुनी आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळात छत्तीसगड आणि पुरीसह ओडिशाचा मोठा भाग एकाच सत्तेखाली होता. शहरात पारा ४३-४४ अंशांवर आणि पुरीत तो ३४-३५ अंशांवर असेल, तर तिकडे जाणे म्हणजे आठ-नऊ अंशांचा दिलासा, असा साधा हिशेब या सहलीमागे असतो. हा हिशेब अपुरा आहे. कोरड्या उष्म्याला सरावलेल्या माणसाची किनाऱ्यावर नेमकी यातूनच फसगत होते.

याचे कारण रायपूरच्या प्रत्येक घराच्या खिडकीत बसवलेले असते. वाळ्याच्या वा गवताच्या जाळीतून पाणी झिरपवणारा कूलर येथे उत्तम चालतो, कारण मे महिन्यातील हवा कोरडी असते, पाणी झपाट्याने उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. तोच कूलर पुरीत लावला तर खोली केवळ ओलसर होते. मानवी शरीरही याच तत्त्वावर थंड राहते. घाम येणे पुरेसे नाही, तो वाळला पाहिजे. किनाऱ्यावर तो वाळत नाही, अंगावरून ओघळून जातो. शरीरातील पाणी आणि क्षार खर्च होतात, थंडावा मात्र मिळत नाही.

आकड्यांत सांगायचे तर ४३ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असलेल्या हवेत ओल्या फडक्याने गुंडाळलेला तापमापक सुमारे २३ अंश दाखवतो. ३५ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असताना तोच तापमापक ३० अंशांवर जातो. या आकड्याला ‘आर्द्र तापमान’ म्हणतात. घाम शरीराला किती थंड करू शकेल याची मर्यादा त्यावरून कळते. हे आर्द्र तापमान ३५ अंशांना पोहोचेपर्यंत निरोगी माणूस तग धरतो, असे पूर्वी मानले जाई. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दमट हवेतील ही मर्यादा तरुण व निरोगी व्यक्तींसाठीही ३१ अंशांच्या आसपासच आढळली. ज्येष्ठांसाठी ती आणखी खाली असणार, हे ओघाने आले.

भारतीय हवामान विभागाच्या निकषांतही हा फरक आहे, मात्र त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश झाल्यावरच उष्णतेच्या लाटेचा विचार होतो, तर किनारपट्टीवर ३७ अंशांपासून. दोन्हीकडे ते सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी अधिक असावे लागते. लाट जाहीर झालेली नसतानाही हवामान विभाग ‘उष्ण व दमट हवामाना’चा स्वतंत्र इशारा देतो. सहलीला निघणाऱ्यांनी शोधावा तो हाच इशारा. मोबाइलवर नुसते तापमान पाहून निघण्यापेक्षा त्याखालचा आर्द्रतेचा आकडा आणि रात्रीचे किमान तापमान पाहावे. रात्रही २८-२९ अंशांची असेल तर शरीराला विसावा मिळत नाही आणि दुसरा दिवस पहिल्यापेक्षा जड जातो.

या हवेने घेतलेले बळी थोडे नाहीत. ओडिशात १९९८ च्या उन्हाळ्यात उष्माघाताने २,०४२ जण दगावल्याची अधिकृत नोंद आहे. त्यानंतरच त्या राज्याने उष्णतेला आपत्ती मानून दरवर्षी नियोजन सुरू केले. महाराष्ट्रात १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उघड्या मैदानावर बसलेल्या श्रीसदस्यांपैकी १४ जणांचा मृत्यू झाला. परिसरातील तापमानाची नोंद ३८ अंशांच्या आसपास होती, म्हणजे नागपूर-रायपूरच्या माणसाला सुसह्य वाटावे इतकीच. ६ ऑक्टोबर २०२४ रोजी चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर हवाई दलाच्या कसरती पाहण्यासाठी लाखोंचा समुदाय जमला. कार्यक्रम सकाळी ११ ते दुपारी १ असा अवघा दोन तासांचा होता, महिना मे नव्हता आणि पाराही चाळिशीच्या बराच खाली होता. ऊन आणि गर्दीच्या त्या दिवशी पाच जण दगावले, शेकडो जणांना रुग्णालयात न्यावे लागले. समुद्र समोर असणे म्हणजे सावली आणि पिण्याचे पाणी जवळ असणे नव्हे.

समुद्रावरून वारा येतोच, मग एवढी भीती का, असा प्रश्न येतो. जमीन तापू लागली की समुद्रावरून वारा वाहू लागतो आणि तो अंगाला बरा वाटतो, हे खरे. मात्र याच वाऱ्यामुळे ऊन किती लागले हे कळत नाही. सायंकाळी आंघोळ करताना खांद्यांची आग झाली की लक्षात येते. शिवाय तो दररोज वेळेवर येत नाही. छत्तीसगड आणि पश्चिम ओडिशाकडून तप्त पश्चिमी वारे जोरात वाहत असतील, तर समुद्री वारा उशिरा येतो किंवा किनाऱ्यावर पोहोचतच नाही. रायपूरमध्ये सर्वाधिक होरपळ असते, त्याच दिवसांत आंध्र आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरही उकाडा असह्य होऊ शकतो, तो असा. ‘नवतपा टाळायला समुद्रावर जाऊ’ हा बेत म्हणूनच दरवेळी साधत नाही.

किनाऱ्यावर कधी जावे? सकाळी १० ते दुपारी ४ ऊन टाळा, असे सर्वत्र सांगितले जाते. पण घड्याळ देशभर एक असले तरी सूर्य एक वेळ पाळत नाही. पुरी देशाच्या पूर्वेला असल्याने मे महिन्यात तेथे पाच वाजून गेले की सूर्य उगवतो आणि पावणेबाराच्या सुमारास माथ्यावर येतो. कोकणात गणपतीपुळ्याला हीच स्थिती साडेबारानंतर येते. म्हणजे कोकणात सकाळी दहाचे जे ऊन, ते पुरीत सव्वानऊलाच पडते. पुरीच्या वाळूवरून नऊच्या आत परतावे आणि पुन्हा साडेचारनंतर उतरावे. कोकणात व गोव्यात सायंकाळ सातपर्यंत लांबते, तेथे सकाळपेक्षा सायंकाळ सोयीची. २० मेच्या सुमारास पुरीत आणि त्याआधी सुमारे आठवडाभर विशाखापट्टणममध्ये मध्यान्हीचा सूर्य इतका नेमका डोक्यावर असतो की उभ्या माणसाची सावली पायाखाली जाते. घड्याळ हाताशी नसेल तर आपली सावली पाहावी. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की आवराआवर करण्याची वेळ आली, असे समजावे.

छत्रीखाली बसूनही ऊन पूर्णपणे टळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरणे परावर्तित करतो. अर्धा मीटर पाण्याखालीही पृष्ठभागाच्या सुमारे ४० टक्के किरणे पोहोचतात, त्यामुळे गळ्यापर्यंत पाण्यात बसलेली मुलेही भाजतात. पूर्ण बाह्यांचे सैल सुती कपडे, कान व मान झाकणारी रुंद काठाची टोपी किंवा ओला गमछा घ्यावा. किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन उघड्या त्वचेवर दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा लावावे. पुरीच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या स्नानार्थींची राखण करणारे नोलिया टोकदार, शंकूच्या आकाराची वेताची टोपी घालतात. रंगीत चष्म्यांच्या दुकानांपेक्षा त्यांच्याकडे पाहून अधिक शिकता येते. दुपारची कोरडी वाळू ५० अंशांच्या पुढे तापते. चपला वाळूवर ठेवून पाण्यात गेलेल्यांना परतताना याचा प्रत्यय येतो. लहान मुलांच्या तळव्यांना फोड येण्यास काही सेकंद पुरतात.

पाणी तहान लागण्यापूर्वी आणि थोडे थोडे प्यावे. घाम फार आला असेल तर क्षारही जावे लागतात : ओआरएसचे एक पाकीट एक लिटर पाण्यात, किंवा मीठ घातलेले ताक, पन्हे, कोकम सरबत, नारळपाणी. ओआरएस घेताना वेष्टन वाचावे. गोड पेयांच्या नावात हा शब्द वापरण्यास भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ती साखरेचे पाणी औषध म्हणून खपत असल्यामुळेच. किनाऱ्यावरील बिअर शरीरातील पाणी वाढवत नाही, कमी करते. जेवणाबाबत मात्र रायपूरकरांना नवे काही शिकायला नको. रात्री पाण्यात भिजवलेल्या भाताची छत्तीसगडी बोरे-बासी आणि पुरीतील पखाळ ही एकाच कुळातील पक्वान्ने आहेत. तळलेल्या मासळीच्या ताटाऐवजी दुपारी पखाळ मागवावी; फक्त ती ताजी आणि स्वच्छ पाण्यात केलेली असावी.

ज्येष्ठांना तहान कमी जाणवते, मुले खेळात ती विसरतात. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, ॲलर्जीची किंवा मानसिक आजारांवरील काही औषधे घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. दमट उष्म्याशी जुळवून घेण्यास शरीराला एक ते दोन आठवडे लागतात; तीन दिवसांच्या सहलीत ते होणार नाही, हे गृहीत धरूनच बेत आखावा आणि पहिला दिवस हलका ठेवावा.

पायात गोळे येणे, चक्कर, मळमळ, डोके दुखणे ही पहिली सूचना. सावलीत नेऊन आडवे करावे, पाय किंचित उंच ठेवावेत, घोट घोट क्षारयुक्त पाणी द्यावे. बोलण्यात असंबद्धता, तोल जाणे, आकडी किंवा बेशुद्धी दिसली तर तो उष्माघात समजावा. ‘उष्माघातात त्वचा कोरडी पडते’ ही खूण किनाऱ्यावर फसवी आहे, कारण दमट हवेत रुग्णाचे अंग घामाने ओले असू शकते. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, पण ती येईपर्यंत थांबू नये. कपडे सैल करून अंगावर गोडे पाणी ओतत राहावे, जोरात वारा घालावा, मान, काखा व जांघेत बर्फ ठेवावा. शहाळेवाल्याकडे किंवा मासेविक्रेत्याकडे बर्फ हमखास मिळतो. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये आणि त्याला लाटांतही नेऊ नये.

उष्म्याने थकलेला माणूस पाण्यातही लवकर थकतो. पुरी व विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर आत खेचणारे प्रवाह आहेत. जीवरक्षकांनी मनाई केलेल्या जागी उतरू नये. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था उंच लाटांचे इशारे देते, तेही पाहावेत. प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याकडे झुंजत येण्याऐवजी किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडावे.

ज्यांना इतक्या दूर जायचे नाही ते धमतरीजवळच्या गंगरेल धरणावर जातात. महानदीवरील या जलाशयाच्या काठी तयार केलेला किनारा ‘मिनी गोवा’ म्हणून ओळखला जातो. येथील उष्मा कोरडा असल्याने घाम वाळतो, इतकी सवलत मिळते. पण लू थेट लागते. उन्हाळ्यात पाणी मागे सरकले की काठाचा उतार आणि गाळ उघडा पडतो. बोटीत जीवरक्षक जॅकेटशिवाय बसू नये.

सहलीचा सर्वांत अवघड दिवस बहुधा शेवटचा असतो. १६ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालेली दुर्ग–विशाखापट्टणम वंदे भारत गाडी प्रारंभीच्या वेळापत्रकानुसार पहाटे निघून दुपारी पावणेदोनच्या सुमारास विशाखापट्टणमला पोहोचते आणि सुमारे तासाभराने परत फिरते. म्हणजे येताना प्रवासी वातानुकूलित डब्यातून थेट भर दुपारच्या उकाड्यात उतरतात. जाताना हॉटेलची खोली दहा-अकराला सोडावी लागते आणि गाडी तीनच्या आसपास असते. मधले चार तास ‘शेवटचे एकदा’ म्हणून रामकृष्ण बीचवर काढले जातात. या वेळात सामान स्थानकातील क्लोकरूममध्ये ठेवून मुले व ज्येष्ठांना प्रतीक्षालयात बसवावे, अथवा अर्धे भाडे जास्त देऊन खोली दुपारपर्यंत ठेवावी. आरक्षण करतानाच हॉटेलकडे त्याची चौकशी केली तर बरे.