कान देणे

मी पुस्तकात गढून जाऊन आईच्या हाकेला ओ दिली नाही की आजोबा म्हणायचे, "अरे, आपल्या धरणगावचे बालकवीही असेच तंद्रीत होते, म्हणून गाडी ऐकू आली नाही!" त्र्यंबक बापूजी ठोमरे १३ ऑगस्ट १८९० रोजी आमच्या गावी जन्मले आणि ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली सापडून गेले. वय अवघे २७. आजोबांचा टोमणा मला फार दिवस सलत राहिला. न ऐकणे हा काय अपराध आहे?

पुढे शास्त्राने कवीची व माझी बाजू घेतली. १९५३ साली कॉलिन चेरी या इंग्रज शास्त्रज्ञाने माणसांच्या दोन कानांत दोन निराळी भाषणे ऐकवली आणि एकच म्हणून दाखवायला सांगितले. दुसऱ्या कानात इंग्रजीची जर्मन झाली, तरी त्यांना पत्ता नव्हता! १९७३ साली स्टीव्हन हिलयार्ड आणि सहकाऱ्यांना दिसले की, ज्या कानाकडे लक्ष त्यातल्या नादाला मेंदू सेकंदाच्या दहाव्या हिश्शातच अधिक जोमाने प्रतिसाद देतो. २००३ साली मेरीलँड विद्यापीठात जोनाथन फ्रिट्झ, शिहाब शम्मा प्रभृतींनी फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्याला एक ठरावीक सूर ओळखण्याच्या कामाला लावले. काही मिनिटांतच त्याच्या मेंदूतल्या श्रवणपेशी त्या सुराकडे झुकल्या; काहींत तो झुकाव काम संपल्यावरही तासन्‌तास राहिला.

म्हणजे कान सदा उघडा असला, तरी काय ऐकायचे ते ध्यान ठरवते. आपली भाषा 'कान देणे' म्हणते, ते उगीच नव्हे. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात एका पोरसवदा मुलाला श्रोत्यांनी असाच कान दिला. अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' म्हटले आणि महाराष्ट्राला एक कवी मिळाला.

मात्र वाचकहो, या ज्ञानाने माझी सबबही हिरावली. लक्ष वळवायला क्षण पुरतो, तर तो क्षण आईसाठी मी कितीदा काढला?

गेल्या लक्ष्मीपूजनाला अंगणात लवंग्यांच्या माळा तडतडत होत्या. थकलेल्या आवाजात आई काही म्हणाली. मी पुस्तक मिटले आणि तिच्याजवळ जाऊन वाकलो. त्या सगळ्या गदारोळात मला तिचा शब्द न् शब्द ऐकू आला.