नेटवर्क सिम्युलेटर कोसळतो तेव्हा

परस्परांशी जोडलेल्या यंत्रणेचे वर्तन प्रत्यक्ष उभारणीपूर्वी संगणकावर पडताळून पाहणाऱ्या प्रोग्रॅमला नेटवर्क सिम्युलेटर म्हणतात. 'एनएस-२' आणि २००८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेला 'एनएस-३' हे त्यांतील परिचित, मुक्त सिम्युलेटर होत. अभ्यासक त्यात स्वतःचा सी++ कोड जोडतात. असा प्रोग्रॅम 'सेगमेंटेशन फॉल्ट' असा संदेश देऊन मध्येच बंद पडणे, हा त्यांचा नित्याचा अनुभव आहे.

जुन्नर-आंबेगाव परिसरातील 'जीएमआरटी' ही महाकाय रेडिओ दुर्बीण उदाहरणादाखल घेता येईल. नारायणगावजवळील खोडद येथे तिचे केंद्र आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांपैकी १४ मध्यवर्ती भागात, तर १६ इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकारातील तीन भुजांवर आहेत. सर्वांत दूरच्या अँटेनांमध्ये सुमारे २५ किलोमीटर अंतर आहे. सर्वांचे संकेत ऑप्टिकल फायबरने केंद्रात येतात आणि तेथे अँटेनांच्या ४३५ जोड्यांचा हिशेब होतो.

दोष कोठे दडतो?

समजा, एखाद्या विद्यार्थ्याने या जाळ्याची प्रतिकृती सिम्युलेटरमध्ये रचली. सी++ मध्ये ३० घटकांना ० ते २९ असे क्रमांक मिळतात. गणनेचे चक्र चुकून ३० पर्यंत गेले, तर प्रोग्रॅम आपल्या मालकीची नसलेली स्मृती वाचू लागतो. दुसरा दोष अधिक फसवा असतो. सिम्युलेटर पुढील काळातील घटना रांगेत लावून ठेवतो. देखभालीसाठी एक अँटेना काढून टाकली, पण तिच्या नावे लागलेली घटना रद्द केली नाही, तर ती वेळ येताच प्रोग्रॅम अस्तित्वात नसलेल्या वस्तूला हात घालतो. मूळ चूक आणि प्रत्यक्ष कोसळणे यांत त्यामुळे बरेच अंतर पडते.

शोधाची रीत

पहिली पायरी म्हणजे तोच बिघाड पुन्हा घडवून आणणे. यासाठी यादृच्छिक संख्यांचे बीज स्थिर ठेवावे. अँटेनांची संख्या घटवीत बिघाड टिकेल असे सर्वांत लहान उदाहरण मिळवावे. कोड 'डीबग' पद्धतीने बांधावा, कारण वेगासाठी बांधलेल्या आवृत्तीत आतल्या तपासण्या गळून जातात. मग 'जीडीबी'मध्ये 'बॅकट्रेस' पाहावा. कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले, ही साखळी त्यातून उलगडते. मात्र साखळीचे टोक म्हणजे गुन्हेगार नव्हे. स्मृती कोठे मोकळी झाली आणि नंतर कोणी वापरली, हे 'व्हॅलग्राइंड' वा 'अॅड्रेस सॅनिटायझर' दाखवितात.

प्रत्यक्ष दुर्बिणीतही हेच तत्त्व उपयोगी पडते. जीएमआरटीच्या संगणकसमूहावर चालणाऱ्या कोरिलेटरचा शोधनिबंध २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. मूळ संकेत डिस्कवर साठवून पुन्हा वाचण्याची सोय त्यात होती. आकाशातील क्षणिक घटना पुन्हा घडत नाही. साठविलेल्या संकेतांवर मात्र तोच कोड कितीही वेळा तपासता येतो.

कोसळणारा प्रोग्रॅम निदान आपली चूक कबूल करतो. स्मृतीच्या सीमेबाहेरचा आकडा वाचूनही निमूटपणे चालत राहणारा प्रोग्रॅम चुकीचा निष्कर्ष हाती देतो, आणि खरा धोका तोच होय.